गाव ‘क’चा अविश्वास

‘‘मॅडम, वाचायची गरज नाही. फक्त सही पाहिजे,’’ असं म्हणत बोकारे सरांनी स्पायरल बाइंडिंग केलेला जाडजूड रिपोर्ट माझ्यासमोर सरकवला.

‘‘न वाचता सही?’’

‘‘वाचा ना. पण सोमवारी फाउंडेशनच्या मॅडम येऊन राहिल्या मुंबईहून. आज बुधवार आहे. तुम्ही वाचायले बसल्या की दोष काढता. दोष काढले की आम्हाले दुरुस्त करावे लागतात. तेवढा टाइम नाही.’’

मी सर्व्हेच्या धंद्यात सव्वीस वर्षं आहे. आधी दारोदार फिरून फॉर्म भरले, मग फॉर्म भरणाऱ्यांवर सुपरवायझर झाले, मग प्रश्न तयार करू लागले. आता दुसऱ्यांनी केलेला अभ्यास तपासायचं काम करते. याला मेथडॉलॉजी रिव्ह्यू म्हणतात. म्हणजे निष्कर्ष आवडला की नाही हे सांगायचं नाही. तो ज्या वाटेनं काढला ती वाट धड आहे का, एवढंच बघायचं. हे काम करणाऱ्या बाईला ऑफिसात चहा लवकर मिळतो आणि जेवायला कोणी बोलावत नाही.

बोकारे सरांच्या संस्थेचं ऑफिस गांधीबागेत एका ठोक कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. मी रिपोर्ट घेतला, खिडकीजवळच्या टेबलावर बसले आणि वाचायला लागले. सरांनी माझ्याकडे बघून उसासा टाकला.

प्रकरण असं होतं. फाउंडेशनला एका गावातल्या महिला बचत गटाला छोटी धान गिरणी द्यायची होती. साळ घालायची, तांदूळ काढायचा, बायकांनी मिळून चालवायची. तीन गावं निवडली होती. त्यातून एक ठरवायचं होतं. आणि ते ठरवायला त्यांनी थेट एक सिद्धान्त आणला होता.

सिद्धान्त सोपा आहे. गावातल्या लोकांचा एकमेकांवर विश्वास असणं ही गावाची पुंजीच असते. ज्या गावाकडे ही पुंजी जास्त, ते गाव सामायिक गोष्ट नीट चालवतं. म्हणून तिन्ही गावांत विश्वास मोजायचा आणि ज्याचा जास्त, त्याला गिरणी.

विश्वास मोजायला वीस प्रश्न होते. त्यांच्या उत्तरांचे गुण जोडून एक आकडा काढला होता. त्याला इंडेक्स म्हणतात. रिपोर्टमध्ये गावांची नावं दिली नव्हती. कोणाची बदनामी होऊ नये म्हणून ‘गाव अ’, ‘गाव ब’, ‘गाव क’ अशी अक्षरं होती. गाव ‘अ’चा इंडेक्स सगळ्यात वर. गाव ‘क’चा सगळ्यात खाली. गाव ‘ब’ मधोमध होतं, त्यामुळे त्याच्याबद्दल कोणी काही बोलत नव्हतं.

गाव ‘क’बद्दल मात्र अख्खं प्रकरण होतं. शीर्षक : ‘अविश्वासाची संस्कृती’. त्यात लिहिलं होतं की या गावात शेजारी शेजाऱ्याकडे घराची किल्ली ठेवत नाही, गावातल्या माणसांवर कोणाचाही भरवसा नाही, आणि विशेष म्हणजे अविश्वासाच्या बाबतीत प्रतिसादकांमध्ये ‘कमालीचं एकमत’ आहे. प्रतिसादक म्हणजे उत्तर देणारा माणूस.

त्या ‘एकमत’ शब्दावर मी थांबले. सव्वीस वर्षांत मी विदर्भातल्या एकाही गावात एकमत पाहिलेलं नाही.

हा अभ्यास करणारा डॉ. ईशान सबनीस मूळचा पुण्याचा. पीएचडी दिल्लीत. वय एकतीस. अतिशय हुशार आणि अतिशय नम्र. अशा माणसाशी भांडायला जड जातं.

‘‘ईशान, या गावात एकमत कसं काय?’’

‘‘मॅडम, मलाही आश्चर्य वाटलं. पण डेटा क्लीन आहे. मॉडेल फार सुंदर बसलंय.’’

‘‘मॉडेल सुंदर बसलं की मला भीती वाटते.’’

तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

‘‘मूळ एक्सेल शीट दाखव.’’

त्यानं लॅपटॉप फिरवला. मी गाव ‘क’च्या ओळी वयानुसार लावल्या. एकाच वयाची माणसं एकाखाली एक आली. पुरुष, वय एकाहत्तर. पुरुष, वय एकाहत्तर. अशा अकरा ओळी. मग मी तब्येतीचा रकाना बघितला. ‘डावा गुडघा दुखतो.’ तो अकरा वेळा दुखत होता.

‘‘ईशान, या गावात एकाहत्तर वर्षांच्या अकरा माणसांचे डावे गुडघे दुखतात.’’

त्यानं शीट वर-खाली केली. ‘‘पाण्यात फ्लोराइड असेल का?’’ तो अगदी मनापासून म्हणाला.

‘‘फक्त डाव्या गुडघ्यात जाणारं?’’

आता तो हसला नाही. पण पोरगा हटणाराही नव्हता. ‘‘ही डेटा एन्ट्रीची चूक धरली तरी इंडेक्स टिकतो, मॅडम. हे अकरा काढून टाकले तरी गाव ‘क’ खालीच राहतं. किल्लीचा प्रश्न बघा. जवळजवळ सगळ्यांनी ‘नाही’ म्हटलंय. गाव ‘अ’मध्ये जवळजवळ सगळ्यांनी ‘हो’. ते खाणीजवळचं गाव आहे. इतका स्पष्ट फरक असताना...’’

‘‘खाणीजवळ?’’ मी म्हटलं. नागपूरजवळ उमरेडकडे कोळसा खाणी आहेत. मी उमरेड समजले आणि पुढे गेले. हे लक्षात ठेवा म्हणत नाही, पण मी स्वतः ते अजून विसरलेले नाही.

‘‘हे बघ,’’ मी खिडकीतून खाली दाखवलं. दुकानात माणूस थानातलं कापड मोजत होता. ‘‘मीटरपट्टीनं तो दहा वेळा मोजेल आणि दहाही वेळा आकडा तोच येईल. याला म्हणतात रिलायबिलिटी. पण कापडाचा रंग जाईल का, हे त्याच पट्टीनं मोजायला गेला तर? आकडा तेव्हाही येईल. त्याचा उपयोग नसेल. जे मोजायचंय तेच आपण मोजतोय का, ही व्हॅलिडिटी. तुझी किल्ली विश्वास मोजते कशावरून?’’

‘‘हा स्टँडर्ड प्रश्न आहे, मॅडम. आधी वापरला गेलेला.’’

‘‘ज्यानं कोणी काढला त्यानं खेडं पाहिलेलं नसेल,’’ मी म्हटलं.

हे वाक्य मी जरा जोरात म्हटलं. बोकारे सरांनीही ऐकलं.

‘‘मॅडम, काहून टेन्शन देऊन राहिल्या?’’ ते केबिनमधून म्हणाले. ‘‘एक पान लिहून द्या, मेथड ठीक आहे म्हणून.’’

‘‘सर, मला गाव ‘क’ बघायचंय. उद्या.’’

सरांनी कपाटातून नावांची यादी काढली, मला फक्त ‘क’समोरचं नाव वाचून दाखवलं आणि यादी परत कुलपात ठेवली. गोपनीयतेच्या बाबतीत ते फार कडक आहेत.

*

गावाचं नाव मीही सांगत नाही. कुही तालुक्यात आहे, एवढं पुरे. कुहीपर्यंत बसनं, पुढे ऑटोनं. मी आणि ईशान. सप्टेंबर होता. दोन्ही बाजूंना बांध्यांमध्ये धान उभं होतं. आमच्याकडे धानाच्या शेताला बांधी म्हणतात. ईशान खिडकीतून फोटो काढत होता.

‘‘सर्व्हे कधी केला होता?’’ मी विचारलं.

‘‘जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. सकाळी अकरा ते चार. पोरांनी खूप मेहनत घेतली.’’

‘‘त्या आठवड्यात इथे रोवणी असते. धानाचे परे, म्हणजे रोपं, उपटून बांधीत लावायचे असतात. अकरा ते चार गावात कोण असतं?’’

त्यानं मोबाइल खाली घेतला. मग म्हणाला, ‘‘ज्यांचा गुडघा दुखतो ते.’’

पोरगा हुशार आहे हे मी आधीच सांगितलंय.

गावात बचत गटाची अध्यक्ष कौसल्याबाई म्हणून होती. साधारण माझ्याच वयाची. ती शेणखताचा ढीग सारत होती. आम्हाला बघून तिनं हात धुतले आणि घराकडे नेलं. दाराला कडी होती आणि कडीत बोटभर जाडीची एक काडी खोचली होती. तिनं काडी काढली, दार उघडलं, काडी चौकटीवर ठेवली.

मी आणि ईशान, दोघं त्या काडीकडे बघत उभे राहिलो.

‘‘कौसल्याबाई,’’ मी म्हटलं, ‘‘तुम्ही बाहेरगावी जाता तेव्हा घराची चाबी शेजारी देता काय?’’

‘‘कशाची चाबी?’’

‘‘घराची.’’

‘‘घराले चाबी राहते काय?’’ तिला खरंच कळेना. ‘‘काडी लावतो ना. कुत्रं शिरते म्हणून.’’

‘‘आणि बाकीचे?’’

‘‘सारेच काडी लावते. ग्रामपंचायतीले कुलूप आहे एक. त्याची चाबी हरवली तवापासून तिथंबी काडीच आहे.’’

ईशान खाली बसला. ओटा होता म्हणून बरं.

ज्या गावात दाराला कुलूपच नाही, त्या गावाला आम्ही विचारलं होतं : शेजाऱ्याकडे किल्ली ठेवता का? ते प्रामाणिकपणे म्हणाले, नाही. आम्ही लिहिलं, अविश्वास. आणि तिकडे गाव ‘अ’मध्ये चोऱ्या होत असतील म्हणून घरोघरी कुलूप, नवरा-बायको दोघं कामावर म्हणून किल्ली शेजारी. त्यांना पैकीच्या पैकी गुण. चोर जितके जास्त, तितका विश्वास जास्त, असा तो इंडेक्स होता.

ईशाननं तरीही शेवटचा प्रयत्न केला. सिद्धान्त वाचवायचा असला की माणूस असा करतो. ‘‘ताई, पण तुमचा एकमेकींवर विश्वास आहे ना? म्हणजे शेजारच्या बाईवर?’’

‘‘त्या शांतेवर?’’ कौसल्याबाईनं शेजारच्या घराकडे हात केला, आवाज अजिबात कमी न करता. ‘‘तिचा काय विश्वास! एक नंबरची लबाड आहे.’’

ईशानचा चेहरा उजळला. ‘‘म्हणजे तुम्ही तिच्यासोबत काम करत नाही?’’

‘‘करतो ना. रोवणीले मी तिच्या बांधीत जातो, ती माह्या बांधीत येते. पंधरा-सोळा वर्षं झाली.’’

‘‘विश्वास नसताना?’’

‘‘परे काय विश्वासासाठी थांबते काय, बाबू? वाळून जातीन ना ते.’’

शेजारच्या घरातून आवाज आला, ‘‘लबाड कोणाले म्हणून राहिली वं?’’ आणि पुढची दहा मिनिटं आमची मुलाखत थांबली. त्या दहा मिनिटांत काय काय निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी शांताबाईच आमच्यासाठी चहा घेऊन आली. कौसल्याबाईकडची साखर संपली होती.

ईशान वहीत भराभर लिहीत होता. मी डोकावून पाहिलं. त्यानं दोन चौकोन काढले होते, ‘विश्वास’ आणि ‘सहकार्य’. मधला बाण आधी उजवीकडे जात होता. मग त्यानं तो डावीकडे वळवला. मग खोडून टाकला.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून एक म्हातारा काठी टेकत, डावा पाय जरा ओढत येताना दिसला. पांढरं धोतर, डोक्याला टापशी बांधलेली. लांबूनच त्यानं आवाज दिला.

‘‘आले का सर्व्हेवाले? लिहा! माह्यापासून सुरुवात करा!’’

‘‘आपलं वय काय, बाबाजी?’’ मी विचारलं.

‘‘एकाहत्तर.’’

ईशाननं डोळे मिटले.

हे डोमाजी. त्यांनी काहीच लपवलं नाही. लपवण्यासारखं काही केलंय असं त्यांना वाटतच नव्हतं. ‘‘पोरं बिचारी उन्हात फिरून राहिली होती जी. घरोघरी जाते तं कोणी नाही. मी म्हटलं, चला, मी दाखवतो घरं. मंग मीच बसलो एकेका ओट्यावर. त्याइच्या हातातली मशीन म्हणे, घरात मोठा माणूस हजर पायजे. मी हजर होतो.’’

‘‘अकरा घरांत?’’

‘‘बारावं बी होत होतं. पण गुडघा दुखाले लागला.’’

आता हे अकरा फॉर्म कडू निघायचं कारण ऐका. चार वर्षांपूर्वी डोमाजींचं एक बोकड चोरीला गेलं होतं. तेव्हापासून ‘गावातल्या माणसांवर भरवसा ठेवता येतो का?’ असं कोणी विचारलं की त्यांना बोकड आठवायचं. अकरा ओट्यांवर ते अकरा वेळा आठवलं होतं. किल्ली सोडली तर ‘अविश्वासाची संस्कृती’ हे अख्खं प्रकरण त्या बोकडावर उभं होतं.

‘‘बोकड त्याच्या जावयानं नेलं,’’ कौसल्याबाई माझ्या कानात म्हणाली. ‘‘साऱ्या गावाले माहीत आहे. यालेच सांगत नाही कोणी. पोरीचं घर आहे ना.’’

मग तिच्या लक्षात आलं. ‘‘माह्या ओट्यावर बी बसला होता काय हा? माह्या नावानं काय सांगतलं यानं?’’

‘‘ताई, ती माहिती गोपनीय असते,’’ ईशान सवयीनं म्हणाला.

‘‘माह्यं उत्तर मलेच गोपनीय?’’

याला मेथडॉलॉजीच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही.

‘‘अन् तो गिलास?’’ ती एकदम म्हणाली.

सर्व्हेत उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला वेळ दिल्याबद्दल एक स्टीलचा गिलास द्यायची पद्धत होती. डोमाजींना अकरा मिळाले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. म्हातारा जरा रागावलाच.

‘‘मी काय करू अकरा गिलासांचं? ज्याच्या घरचं लिहिलं त्याच्या घरात ठेवला. काडी काढली, गिलास ठेवला, काडी लावली.’’

‘‘मी रोवणीवरून आली तं चुलीजवळ नवा गिलास,’’ कौसल्याबाई म्हणाली. ‘‘मले वाटलं, इलेक्शन आलं.’’

गावात कोणावरही भरवसा नसलेल्या माणसानं अकरा घरांचे अकरा गिलास ज्याचे त्याला पोचवले होते, आणि तो परक्याच्या घरात शिरला याचं कोणाला काही वाटलं नव्हतं. आमच्या वीस प्रश्नांत यासाठी एकही गुण नव्हता.

*

परतीच्या बसमध्ये मी फार खुशीत होते. खोटं कशाला बोलू? दुसऱ्याच्या कामातली इतकी ठळक चूक सापडली की या धंद्यातल्या माणसाला जो आनंद होतो, तो मलाही होत होता. मनात रिव्ह्यूची वाक्यं जुळत होती. किल्लीच्या प्रश्नावर तर मी एक चांगलंच बोचरं वाक्य तयार केलं होतं.

‘‘हा प्रश्न तू आणला कुठून?’’ मी ईशानला विचारलं.

‘‘प्रश्नांचे स्रोत परिशिष्टात दिलेत.’’ त्यानं मोबाइलवर रिपोर्ट उघडला, खाली गेला, थांबला. मोबाइल खिशात ठेवला.

‘‘काय झालं?’’

‘‘काही नाही, मॅडम. नंतर बघू.’’

‘‘वाच ना.’’

‘‘मेश्राम, सु.,’’ तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

सु. म्हणजे सुनंदा. म्हणजे मी.

मग सगळं आठवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी मी नागपुरातल्या नव्या फ्लॅट सोसायट्यांचा एक सर्व्हे केला होता. तेव्हा मी स्वतः नुकतीच मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले होते आणि समोरच्या काकूंनी माझी किल्ली आपणहून ठेवून घेतली होती. मला तो मोठा आपलेपणा वाटला. त्यावरून मी प्रश्न केला. फ्लॅटसाठी तो ठीक होता. मग तो संस्थेच्या प्रश्नसंचात गेला, एकातून दुसऱ्यात उचलला गेला, आणि शेवटी ज्या गावात कुलूपच नाही तिथे जाऊन पोचला. ज्यानं कोणी काढला त्यानं खेडं पाहिलेलं नसेल, हे मी ऑफिसभर ऐकू जाईल असं बोलले होते.

पाचगाव आलं तेव्हा मी मनातलं ते बोचरं वाक्य खोडून टाकलं.

शुक्रवारी मी रिव्ह्यू लिहायला बसले. रोवणीच्या दिवसांतलं सॅम्पल, अकरा घरांचा एक माणूस, बाणाची दिशा : हे सगळं झरझर उतरलं. किल्लीपाशी आले आणि उठून चहा केला. परत बसले, परत उठले. तो मुद्दा गाळला तरी रिव्ह्यू पुरेसा होता. रिपोर्ट पाडायला रोवणी आणि डोमाजी खूप होते. माझं नाव परिशिष्टात बारीक अक्षरांत होतं, तिथपर्यंत कोणी वाचत नाही.

पण एक गोष्ट खटकत होती. ईशानचं कॉन्ट्रॅक्ट या रिपोर्टवर अवलंबून होतं. माझ्या रिव्ह्यूनं त्याचं वर्षभराचं काम जाणार होतं. तो बोकारे सरांना सहज सांगू शकला असता की सगळ्यात मोठी चूक मेश्राम मॅडमचीच आहे. अख्खा दिवस गेला होता. त्यानं सांगितलं नव्हतं.

मी लिहिलं : ‘किल्लीचा प्रश्न प्रस्तुत परीक्षकानेच तयार केलेला असून तो या गावांसाठी निरुपयोगी आहे.’ प्रस्तुत परीक्षक लिहिलं की लाज थोडी कमी वाटते.

एकूण चौदा पानं झाली. बोकारे सरांनी ती वाचली आणि डोक्याला हात लावला.

‘‘मॅडम, एक पान मागितलं होतं. अन् तुमचं नाव तुम्हीच काहून काढून राहिल्या यात?’’

‘‘खरं आहे म्हणून.’’

‘‘खरं आहे ते ठीक. पण मी फाउंडेशनले सांगू काय? सर्व्हे चुकला, चुकीचा प्रश्न होता, अन् तो चुकीचा आहे हे सांगायले जिनं काढला तिलेच बोलावलं?’’

असं मांडल्यावर ते खरंच वाईट दिसत होतं.

*

सोमवारी फाउंडेशनच्या कर्णिक मॅडम आल्या. सुती साडी, बारीक चष्मा, मुद्द्याचं बोलणं. आधी ईशाननं सादरीकरण करायचं होतं. तो उभा राहिला, पहिली स्लाइड लावली, आणि म्हणाला, ‘‘मला वाटतं, आधी मेश्राम मॅडमना ऐकावं.’’ बोकारे सरांनी पंखा वाढवला.

मी सगळं सांगितलं. काडी, गुडघा, बोकड, गिलास. इलेक्शनवर कर्णिक मॅडम हसल्या. किल्ली कोणाची ते सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा घातला.

‘‘ठीक आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग गाव ‘क’मध्ये विश्वास आहे की नाही?’’

‘‘यावरून सांगता येत नाही.’’

‘‘गाव ‘अ’मध्ये?’’

‘‘तेही सांगता येत नाही.’’

‘‘मेश्रामबाई, गिरणीची यंत्रं पुढच्या महिन्यात येतायत. मी बोर्डाला काय सांगू? आमच्याकडे एक वर्षाचा अभ्यास आहे आणि तो काही सांगत नाही?’’

मला सांगता येण्यासारखं खरोखर काही नव्हतं. चूक कुठे आहे ते दाखवणं हे माझं काम. त्याच्या जागी काय ठेवायचं हे मला कोणी कधी विचारत नाही.

‘‘त्यांनाच विचारू या का?’’ ईशान म्हणाला. ‘‘तिन्ही गटांना. गिरणी आली तर कशी चालवाल, एवढंच.’’

‘‘आत्ता?’’

‘‘फोन नंबर आहेत.’’

कर्णिक मॅडमनी मान हलवली. बोकारे सरांनी यादी काढली आणि आधी पहिल्या नंबराच्या गावाला, म्हणजे गाव ‘अ’च्या गटाच्या अध्यक्षबाईंना फोन लावला. वंदनाताई त्यांचं नाव. फोन स्पीकरवर ठेवला.

‘‘वंदनाताई, नमस्कार जी. ते प्रोजेक्ट आहे ना, गटासाठी? त्यात तुम्हाले धान गिरणी मिळून राहिली. तर ती तुम्ही कशी चालवान?’’

‘‘काय गिरणी?’’

‘‘धानाची. साळीचा तांदूळ करायची.’’

‘‘धान?’’ वंदनाताई म्हणाल्या. ‘‘आमच्याकडे धान कोण लावते, सर? इथं कपाशी आहे. संत्रा आहे. तांदूळ आम्ही दुकानातून आणतो.’’

मी हळूच विचारलं, ‘‘ताई, तुमचं गाव उमरेडकडे ना?’’

‘‘नाही जी. सावनेरकडे.’’

कोळशाच्या खाणी दोन्हीकडे आहेत, धान मात्र उमरेडकडेच. मी बोकारे सरांकडे बघितलं. सरांनी यादीकडे बघितलं. ईशाननं माझ्याकडे बघितलं. त्याला बिचाऱ्याला सावनेरात काय पिकतं हे माहीत असायचं कारण नव्हतं, तो पुण्याचा. सरांना माहीत होतं, पण त्यांच्यापुढे वर्षभर नुसतं ‘अ’ होतं. आणि मी नागपुरातच जन्मले, सावनेरला माझी सख्खी नणंद आहे, तिच्याकडून दर हिवाळ्यात संत्र्यांची पोती येतात. गावांची नावं त्यांच्याच भल्यासाठी झाकली होती. ती इतकी चांगली झाकली गेली की गाव झाकलं गेलं.

फोनवर वंदनाताई अजून बोलत होत्या. ‘‘सर, द्यायचंच असन तं पाण्याची टाकी द्या ना. खाणीच्या धुळीनं विहीर काळी होऊन राहिली.’’

‘‘टाकी या स्कीममध्ये बसत नाही, ताई,’’ बोकारे सर म्हणाले. ते मात्र त्यांना तोंडपाठ होतं.

*

गिरणी गाव ‘क’ला गेली. तिन्ही गावांत मिळून धानाचं गाव तेवढंच निघालं. वर्षभराच्या अभ्यासाऐवजी एक फोन पुरला असता, पण ते कोणी मिनिट्समध्ये लिहिलं नाही. पाण्याच्या टाकीसाठी ईशाननं स्वतः बसून फाउंडेशनला वेगळा अर्ज लिहिला. तो अजून विचाराधीन आहे. त्याचं कॉन्ट्रॅक्ट तुटलं नाही. आपला सर्व्हे कसा फसला यावर त्यानं एक लेख लिहिला आणि मूळ रिपोर्टपेक्षा त्याचंच जास्त कौतुक झालं. लेखात डोमाजींचा उल्लेख ‘प्रतिसादक १ ते ११’ असा आहे.

गाव ‘क’मधली गिरणी चालू आहे. आधी कोणाचं धान घालायचं यावरून कौसल्याबाई आणि शांताबाईचं जवळजवळ रोज भांडण होतं. रोज संध्याकाळपर्यंत धान निघालेलं असतं.

माझा चौदा पानी रिव्ह्यू संस्थेच्या कपाटात आहे. मधूनमधून नव्या पोरांना नमुना म्हणून देतात. त्यात सिद्धान्त आहे, सॅम्पल आहे, व्हॅलिडिटी आहे, माझी स्वतःची चूक कबूल केलेली आहे. तिथे धान होतं का, हा प्रश्न त्यात कुठेही नाही. त्यामुळे आता कोणताही रिपोर्ट हातात आला की पान उलटायच्या आधी मी विचारते : या गावात पिकतं काय? लोकांना वाटतं, बाई गप्पा मारायला लागल्या, आणि ते चहा सांगतात.